बिराजदार माप

नांदेडला आम्हा निवृत्त प्राध्यापकांचा एक कट्टा भरतो. बहुतेकांचे गुडघे गेलेत, आवाज मात्र वर्गात शिकवतानाचाच आहे. गेल्या हिवाळ्यात एकदा चहा मागवायला कुणीतरी माणसं मोजली. अकरा असताना नऊ कप आले. लातूरच्या कॉलेजात माझ्याबरोबर असलेले एक सहकारी मांडीवर थाप मारून म्हणाले, "झालं का बिराजदार माप!" सगळे हसले. ज्यांनी बिराजदार बाईंना जन्मात पाहिलं नाही तेही हसले. मीही हसलो, आणि हसता हसता चहा अंगावर सांडला.

मोजदाद उलटी झाली की तिला 'बिराजदार माप' म्हणायचं, ही रीत आमच्या लातूरच्या कॉलेजात सुरू झाली. पुढे बदल्या झाल्या तसा तो शब्द नांदेडपर्यंत आला. बावीस वर्षं तो चालू आहे. त्या शब्दामागच्या मोजदादीत खरोखर चूक होती, पण ती बाईंची नव्हती. ती माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो. पण आधी बाई कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर चुकीचं वजन कळायचं नाही.

शिवकांता बिराजदार मानसशास्त्र शिकवायच्या. मी शेजारच्या खोलीत संख्याशास्त्र. त्या देवणीच्या, भुसार दुकानदाराची मुलगी. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि खांद्याला एक भलीमोठी कापडी पिशवी. त्या पिशवीत पुस्तकं कमी आणि कागदी पुडे जास्त असायचे. रिकामे पुडे, दुकानातून आणलेले. ते कशाला, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

दुपारची वेळ होती. स्टाफरूममध्ये मी हजेरीपटात नावं चढवत होतो. चहा शेजारी. अचानक मानेमागे 'फट्ट!' असा आवाज झाला. मी खुर्चीसकट उडालो. चहा हजेरीपटावर, पेन खिडकीबाहेर. वळून पाहिलं तर बाई फाटलेला पुडा हातात घेऊन शांतपणे वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"बाई, हे काय करून राहिलात?"

"मोजून राहिले," त्या म्हणाल्या. "सर, तुमची बिचक पायलीची हाय."

क्रीडाशिक्षक शेख सर दारातच उभे होते. त्यांनी पापणी हलवली नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "किस का फूटा?" बाईंनी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'चिपटं.'

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाईंनी टेबलाच्या टोकाला पेढ्यांचा खोका उघडून ठेवला आणि स्वतः पेपर वाचत बसल्या. कोण किती लवकर उठतं, कोण बसल्या जागेवरून नुसतं बघतं, कोण 'मला गोड चालत नाही' म्हणत दोन उचलतं, सगळं त्यांच्या वहीत जात होतं. आमचे शिपाई गणपतमामा आदल्या दिवशी पुड्याच्या आवाजाने माझ्यापेक्षाही उंच उडाले होते. तेच मामा पेढ्यापाशी पहिले पोचले.

"बघितलं का सर?" बाई म्हणाल्या. "मामांची बिचक पायली, ओढ बी पायली. भित्र्या माणसाला कशाची ओढ नसते असं लोकं समजतेत. बिल्कुल खोटं. दोन्हीची मापं अलग आहेत."

हेच त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. धोका दिसला की माणूस किती आखडतो, ती त्याची बिचक. काही चांगलं मिळेलसं दिसलं की किती पुढे सरतो, ती त्याची ओढ. पुस्तकात यांना मोठी जड नावं होती. बाईंनी ती वर्गात कधी वापरली नाहीत. मापंही त्यांनी दुकानातलीच घेतली होती: चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अख्खं कॉलेज त्यांनी या धान्यमापात बसवलं होतं. प्राचार्य बिचकेला शेर, ओढीला चिपटं, म्हणून कुठल्याच कागदावर सही होत नाही. ग्रंथपाल बिचकेला चिपटं, ओढीला चिपटं. "त्यांना काही नको आणि कशाचं काही नाही. त्यांना ग्रंथालयातच ठेवा." माझी बिचक पायली, ओढ मापटं. "सर, तुम्ही पेढ्याकडं बघता लई. उठत नाही."

त्यांच्या स्वतःच्या मापाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "ओढ पायली, बिचक चिपटं." हे बऱ्याच अंशी खरं होतं. स्टाफरूममधला फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो. तेव्हा फोन म्हणजे वरच्या कार्यालयाची झाडाझडती असायची. बाई धावत जाऊन उचलायच्या आणि म्हणायच्या, "बोला, काय गोड बातमी?" एकदा पलीकडचे साहेब निकालाच्या याद्या उशिरा आल्या म्हणून पाच मिनिटं ओरडले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे याद्या पोचल्या ना साहेब? मग गोडच की." मात्र खिडकीच्या चौकटीवर पाल दिसली की याच बाई टेबलावर चढून गणपतमामांना हाका मारायच्या. आम्ही चिडवलं की सांगायच्या, "एक चिपटं हाय म्हणलं होतं की. ते सगळं पालीत गेलं."

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते एकदा त्यांनी सांगितलं. त्यांचे अप्पा देवणीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा लहानगी शिवकांता बरोबर असायची. अप्पा दात बघायचे, खूर बघायचे आणि मग दोन गोष्टी करायचे. आधी बैलाच्या डोळ्यासमोर उपरणं फडकवायचे. बैल किती मागे सरतो ते बघायचे. मग तळहातावर पेंड घेऊन चार पावलं लांब उभं राहायचे आणि तो किती पुढे येतो ते बघायचे. विकणारा घाई करायचा, "अप्पा, बुजरा न्हाई ओ, खायाला बी हुशार हाय!" अप्पा म्हणायचे, "दोन बाता एकदम सांगू नको. एक एक बघू दे."

"माझं सगळं संशोधन एवढंच हाय, सर," बाई म्हणाल्या. "एक एक बघू दे."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "काही बैल असे असायचे बघा, उपरण्याला लई बुजायचे, आणि पेंडीची ओढ बी लई. ते पुढं येत नसत, मागं बी जात नसत. पाय मागं, मान पुढं. तसेच थरथरत उभे. अप्पा ते घेत नसत. मला मात्र तेच आवडायचे. मी म्हणायची, अप्पा, जरा थांबा, येईल तो."

मराठवाड्यातल्या माणसांची बिचक आणि ओढ मोजायची प्रश्नावली तयार करायचं बाईंनी मनावर घेतलं. त्याआधीच्या प्रश्नावल्या शहरातल्या माणसांसाठी होत्या. त्यात विमानाचे, मुलाखतींचे, मोठ्या हॉटेलांचे प्रश्न. बाईंनी ते बाजूला ठेवले आणि नवे लिहिले. 'साहेबांनी बोलावलंय म्हणलं की आपलं काय चुकलं ते आधी आठवता का?' 'पंगतीत बुंदीची बादली लांबून येताना दिसली की पानातला भात तसाच राहतो का?' उत्तरं दोनच, आणि तीही इथल्या बोलीतली: हाव किंवा न्हाई. आमच्याकडे 'हाव' म्हणजे होय. मी सुचवलं होतं, 'होय' आणि 'नाही' छापा, बरं दिसतं. बाई म्हणाल्या, "होय कोण म्हणतंय सर इथं? तुम्ही म्हणता का घरी?" मी घरी 'हाव'च म्हणायचो.

त्यांनी मला सोबत घेतलं, कारण आकडे हा माझा विषय. आधी कॉलेजातल्या सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले, माझाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने चाकूरला, जळकोटला जायचो. बाई प्रश्न विचारायच्या, मी खुणा करायचो. चाकूरच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींना त्यांनी विचारलं, "मावशी, फोन वाजला की मनात आधी काय येतं? बरं का वाईट?"

"फोन कुणाचा हाय त्याच्यावर हाय की बाई," मावशी म्हणाल्या. "लेकीचा असला तर बरं, सुनंचा असला तर वाईट."

"आणि कुणाचा ते कळलंच न्हाई तर?"

मावशींनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडत विचार केला. "तर उचलतच न्हाई!"

त्या दिवशी बाई बसमध्ये उदगीर फाट्यापर्यंत हसत होत्या.

आता मुद्द्याचं. बिचकेच्या बारा प्रश्नांत बाईंनी आठ प्रश्न मुद्दाम उलटे घातले होते. सगळे प्रश्न एकाच तऱ्हेचे असले की माणूस न ऐकताच 'हाव, हाव' म्हणत जातो, म्हणून. उलटा प्रश्न असा: 'साप दिसला तर भ्या वाटत न्हाई ना?' जळकोटच्या तालमीतल्या वस्तादांना हा विचारला तेव्हा ते मांडीवर शड्डू ठोकून ओरडले, "हाव!" म्हणजे, बरोबर, वाटत न्हाई. चाकूरचे एक शिंपी होते, फार हळवे. तोच प्रश्न विचारल्यावर त्यांनी सुई तोंडातून काढली आणि म्हणाले, "न्हाई कसं बाई? वाटतंय की! सापाचं नाव बी काढू नका." मी 'न्हाई'वर खूण केली. आमच्या भागातला माणूस असंच बोलतो. उलट्या प्रश्नाला 'हाव' म्हणाला तो धीट, 'न्हाई' म्हणाला तो भित्रा. म्हणून गुण देताना या आठ प्रश्नांत 'न्हाई'ला एक गुण द्यायचा होता, बाकीच्या चारांत 'हाव'ला. गुण जितके जास्त तितकी बिचक जास्त.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वस्तादांचा शड्डू माझ्या कानाशी वाजला होता.

फॉर्मांचा गठ्ठा मोठा झाला. हाताने एकेक तपासायचा तर महिने गेले असते. मी युक्ती केली. जाड पुठ्ठ्याची एक जाळी कापली. ती फॉर्मवर ठेवली की खिडक्यांतून फक्त गुण मिळणाऱ्या खुणा दिसायच्या. खुणा मोजा, आकडा लिहा, पुढचा फॉर्म. माझ्या त्या जाळीचा मला फार अभिमान होता.

"आठ उलटे हायेत सर," बाई म्हणाल्या होत्या. "ध्यानात ठेवा."

"बाई, मी संख्याशास्त्राचा माणूस आहे," मी म्हणालो. "ध्यानात आहे."

रविवारी दुपारी रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकत मी ब्लेडने जाळी कापली. बाराच्या बारा खिडक्या 'हाव'वर पाडल्या. हाताला वळणच तसं पडलं: हाव म्हणजे होय, होय म्हणजे एक. सगळा गठ्ठा मी त्या जाळीने चार दिवसांत तपासला. बाईंनी माझे आकडे जसेच्या तसे अहवालात घातले. त्यांनी तपासून का पाहिले नाहीत, असं नंतर लोक म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच त्याचं कारण.

अहवाल नांदेडला तज्ज्ञ समितीपुढे मांडायचा होता. तो मान्य झाला असता तर बाईंची पीएच.डी. मार्गी लागणार होती आणि त्यांची प्रश्नावली छापून मराठवाड्यातल्या कॉलेजांत जाणार होती. बाईंनी त्या दिवशी नवी इरकल साडी नेसली होती. सभागृहात शिरताना त्यांनी मला पेढ्यांचा खोका दाखवला. "मान्य झाल्यावर फोडायचा," त्या म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष बाहेरून आले होते. भाषा फार शुद्ध. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "बाई, प्रत्येक प्रश्नाखाली 'हाव' का छापलंय? 'तुम्हाला पालीची भीती वाटते का? हाव.' हाव म्हणजे लोभ ना?" सभागृह हसलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्याकडं हाव म्हणजे लोभ, आमच्याकडं हाव म्हणजे होय. म्हणून तर इथली प्रश्नावली इथं केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग त्यांनी कोष्टकाचं पान उघडलं. शेवटच्या रकान्यात माणसाचा व्यवसाय लिहिलेला होता. ते वाचत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "म्हणजे तुमच्या मापानं जळकोटचे वस्ताद सगळ्यात भित्र्यांत, आणि चाकूरचे शिंपी त्यांच्यापेक्षा शूर? बाई, हे माप उलटं धरलंत का हो?"

आता जे हसणं झालं ते वेगळं होतं. अध्यक्षांनी गंमत म्हणून एक प्रश्न वाचून दाखवला. नेमका सातवा. "साप दिसला तर भ्या वाटत न्हाई ना?" तो ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी जाळी उभी राहिली. बारा खिडक्या, सगळ्या एका रांगेत. माझा हात हलला आणि समोरचा पाण्याचा ग्लास सांडला.

बाईंनी आवाजाकडे पाहिलं. ग्लासाकडे, मग माझ्याकडे. मी उठायला हवं होतं. उठून एक वाक्य बोलायचं होतं: अध्यक्ष महाराज, मोजणी माझी आहे, आठ खिडक्या चुकल्यात, दोन दिवस द्या. विभागप्रमुखाच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत होती आणि समोर बसलेले हेच अध्यक्ष ती घेणार होते. हे कारण मी पुढे स्वतःला बरीच वर्षं दिलं. पण त्या क्षणी कारण वगैरे काही नव्हतं. मानेमागे पुडा फुटला होता आणि मी आखडलो होतो.

"मोजलं कुणी हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दुकान माझं हाय, सर," बाई म्हणाल्या. "माप चुकलं असंल तर माझंच चुकलं."

अहवाल परत आला. बाईंनी तो पुन्हा पाठवला नाही. माझी मुलाखत झाली, जागा मला मिळाली. बाईंनी गठ्ठा मागितला तेव्हा मी तो शिपायाहाती पाठवला, स्वतः गेलो नाही. पण तो देण्याआधी घरी दार लावून नवी जाळी कापली आणि सगळे फॉर्म पुन्हा तपासले. वस्ताद खाली गेले, शिंपी वर आले, भाजीवाल्या मावशी मधोमध बसल्या. सगळं चोख जुळलं. बाईंचं माप सोन्यासारखं होतं. तो कागद आणि ती जुनी जाळी मी एका फाइलीत घातली आणि फाइल कपाटाच्या तळाशी.

बाई बदलल्या नाहीत. पुडे फुटत राहिले, फोन त्याच उचलत राहिल्या. कुणी तोंडावर 'बिराजदार माप' म्हणालं की सगळ्यांबरोबर मीही हसायचो. बाई म्हणायच्या, "नाव तर झालं ना!" फक्त एक झालं. पेढ्यांचा खोका टेबलावर फिरायचा तो माझ्या अलीकडच्या खुर्चीपाशी थांबायचा आणि वळून परत जायचा. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढे त्या निवृत्त होऊन देवणीला गेल्या. मी नांदेडला आलो.

आणि मग गेल्या हिवाळ्यातला तो अकरा माणसांचा नऊ कप चहा. त्या दिवशी घरी येऊन फाइल काढली. दोन दिवस ती टेबलावर पडून होती. तिसऱ्या दिवशी पत्नी म्हणाली, "जायचं असेल तर जा. नाहीतर उचला इथून, मला शेंगा निवडायच्यात." मी उदगीरची बस धरली, तिथून देवणी.

बाईंचं दुकान आता पुतण्या चालवतो. बाई गल्ल्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, डोळ्यांना जाड चष्मा. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "या सर. बसा. अरे, चहा सांग, यांना बिनसाखरेचा न्हाई, साखरेचा लागतो."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. जाळी, आठ खिडक्या, सांडलेला ग्लास, मुलाखत, फाइल. पाठ करून आलो होतो तरी सगळं उलटसुलट झालं. पुतण्याने डाळ तोलायची थांबवली.

"माहीत हाय मला," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ग्लास सांडला तवापासून. मग गठ्ठा आल्यावर जुळवलं, तर आठ खिडक्या."

"मग बोलला का नाहीत बाई? पुन्हा पाठवायचा अहवाल!"

"पाठवला असता तर विचारलं असतं, पहिल्यानं कुणी मोजलं? तुमची मुलाखत तोंडावर होती. म्हणलं, ती होऊ द्या, मग सर येतील. मग म्हणलं दिवाळी होऊ द्या. मग म्हणलं निकाल लागू द्या." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "राग आला होता सर. लई आला होता. लोकं हसत होते त्याचा न्हाई. तुम्ही बी हसत होतात, त्याचा."

बाई उठल्या, आतून एक पत्र्याची पेटी ओढून आणली. त्यात अख्खा गठ्ठा होता आणि वर एक वही. त्यांनीही सगळे फॉर्म तेव्हाच पुन्हा तपासले होते. म्हणजे दोन बरोबर हिशेब बावीस वर्षं दोन गावांत पडून होते, एक नांदेडला माझ्या कपाटात, एक देवणीला त्यांच्या पेटीत.

"एक एक बघू दे," त्या म्हणाल्या. आम्ही डाळीच्या पोत्यावर कागद पसरले. त्या वहीतून वाचायच्या, मी माझ्या पानावर बोट ठेवायचो. वस्ताद, बरोबर. शिंपी, बरोबर. भाजीवाल्या मावशी, बरोबर. शेख सर, गणपतमामा, बरोबर. दुपार उतरेपर्यंत आम्ही वाचत होतो. गिऱ्हाइकं येऊन कुतूहलाने बघून जात होती. एकाच ओळीत फरक निघाला. माझ्या स्वतःच्या. बाईंच्या वहीत माझी बिचक माझ्या पानापेक्षा एका गुणाने जास्त होती.

त्यांनी गठ्ठ्यातून माझा फॉर्म काढला. शाई फिकट झाली होती. बारावा प्रश्न, उलटा. 'आपली चूक झाली तर ती सांगायला भ्या वाटत न्हाई ना?' त्यापुढे माझी ठसठशीत खूण: हाव.

"नव्या जाळीप्रमाणं इथं शून्य येतो," मी म्हणालो.

"येतो. पण हे एवढं उत्तर मी मानलं नव्हतं." बाईंनी गल्ल्यातली पेन्सिल पुढे केली. "आता बोला. कुणाचं बरोबर? आज तर आलात तुम्ही. म्हणाल तर मी खोडते."

मी पेन्सिल घेतली आणि माझ्या पानावर माझ्या नावापुढच्या आकड्यात एक वाढवला. वही आणि पान जुळलं.

"हां," बाई म्हणाल्या. "आता हे लिहून काढा. मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं. जे हसले त्यांना सांगा." म्हणून हे लिहिलं आहे. कट्ट्यावरही वाचून दाखवणार आहे. ज्यांना 'बिराजदार माप' म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं, पण चोख मापाला म्हणावं. उलट्याला माझं नाव द्यावं.

निघताना मी विचारलं, "बाई, एवढ्या वर्षांनी माझी बिचक कमी झाली म्हणायची का?"

"कशाची कमी होते? ओढ वाढली असंल." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अलग मापं हायेत सर. किती वेळा सांगू?"

बसथांबा दुकानासमोरच आहे. उदगीरची बस उभी होती, कंडक्टर घंटी वाजवायच्या बेतात. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि मानेमागे 'फट्ट!' झालं. मी असा उडालो की टोपी चाकाखाली गेली. थांब्यावरची सगळी माणसं वळली. बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. एका हातात फाटलेला पुडा.

"पायली!" त्या ओरडल्या. "अजून पायली हाय, सर!"

दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पेढा होता. हात पुढे धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, चार पावलं लांब.

"ओ काका, येता का राहता?" कंडक्टर म्हणाला.

माझा एक पाय पायरीवर होता आणि मान दुकानाकडे वळलेली. बाई नुसत्या बघत होत्या, मोजत असल्यासारख्या.

मी पायरीवरून उतरलो. बस गेली. पुढची दीड तासाने होती.